तेरा वर्षांनी परत आलेला बँड

‘कमबॅक’ हा शब्द आपल्या घरात क्रिकेटच्या वाटेनं आला. दुखापत होऊन घरी बसलेला खेळाडू पुन्हा संघात आला की टीव्हीवर सांगतात, त्यानं कमबॅक केला. गाण्याच्या जगातही हाच शब्द चालतो. गाणाऱ्यांचा एखादा संच बरीच वर्षं गप्प राहतो, लोक त्याला विसरायला लागतात, आणि मग एक दिवस त्यांचं नवं गाणं येतं. त्या गाण्याला म्हणायचं कमबॅकचं गाणं. आजकाल त्याच्यासोबत व्हिडिओही येतो.

आज आपण मुंबईच्या एका रॉक बँडच्या परत येण्याबद्दल बोलणार आहोत. बँडचं नाव इंडस क्रीड. गाणी सगळी इंग्रजीत. तुमच्यापैकी बहुतेकींनी हे नाव ऐकलेलंच नसेल, आणि त्यात काही बिघडलं नाही. विषय निवडायचं कारण वेगळं आहे. जिंतूर असो, पालम असो की सोनपेठ, रेकॉर्डिंगसाठी गावात गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: आमचं भजनी मंडळ होतं बाई, आता बंद पडलं. का बंद पडलं, विचारलं तर धड कारण सांगता येत नाही. भांडण झालेलं नसतं. कोणी बंद करा म्हणालेलं नसतं. नुसतंच थांबलेलं असतं. आणि पुन्हा सुरू करायचं म्हटलं की सगळ्याजणी हसून म्हणतात, आता कुठं जमतंय. ते कसं जमतं, हे ज्यांनी करून दाखवलं त्यांच्याकडून बघायला काय हरकत आहे? मग ते गिटार वाजवणारे का असेनात.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे बँड म्हटलं की लग्नातला बँडबाजा डोळ्यांसमोर येतो, लाल कोट, पितळी वाद्यं आणि पुढं नाचणारी पोरं. रॉक बँड वेगळा. त्यात चार-पाच जण असतात. एक-दोन जण विजेवर चालणारी गिटार वाजवतात. एकजण बास नावाची जाड तारांची, खर्जात घुमणारी गिटार धरतो. एकजण ड्रमवर असतो, एखादा कीबोर्डवर, आणि एकजण पुढं उभा राहून गातो. आपल्या भजनाशी ताडून बघा. पखवाजाचं काम ड्रम करतो, पेटीचं काम कीबोर्ड करतो, आणि वीणेकरी उभा असतो तिथं हा गाणारा. टाळकरी मात्र त्यांच्यात नाहीत, ती जागा ऐकायला आलेले लोक टाळ्यांनी भरून काढतात. आवाज फार मोठा असतो. पहिल्यांदा ऐकताना आमच्यातल्या निम्म्या जणींना तो गोंगाटच वाटला, हे सांगून टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्यातली चाल वेगळी ऐकू यायला लागते.

लग्नातला बँड दुसऱ्यांची गाणी वाजवतो, तेच त्याचं काम आहे. रॉक बँडनं आपलं गाणं आपण लिहायचं, आपण चाल लावायची आणि आपणच वाजवायचं, अशी अपेक्षा असते. आपल्या देशात गाण्याचा हमरस्ता म्हणजे सिनेमा. तो सोडून पाऊलवाटेनं चालणाऱ्या अशा गाण्याला शहरात ‘पर्यायी’ किंवा ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणतात. तसं पाहिलं तर आपलं भारूड, वासुदेवाचं गाणं, जात्यावरची ओवी हे सगळंच सिनेमाच्या बाहेरचं. त्याला कोणी पर्यायी म्हणत नाही, एवढंच.

आता त्या बँडची हकीकत. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड सुरू झाला. गिटारवर महेश तिनाईकर आणि जयेश गांधी, गायला उदय बेनेगल, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बासवर मार्क सेल्विन ही नावं त्याच्याशी जोडली गेली. त्या काळी आपल्याकडचे रॉक बँड बहुतेक परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवून दाखवत. कॉलेजच्या कार्यक्रमांत पोरं तेच मागत, ओळखीचं गाणं लागलं की खूश होत. स्वतःचं गाणं वाजवायला घेतलं तर पोरं चुळबुळ करणार, ही भीती असतेच. रॉक मशीननं तरी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ नावाचा अल्बम काढला. दुसरा ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये आला.

अल्बम आणि सिंगल यांतला फरक इथंच सांगतो. आजीच्या काळातल्या जुन्या तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं मावायचं. मग मोठी तबकडी आली, पुढं कॅसेट आली, आणि तीत आठ-दहा गाणी बसायला लागली. आठ-दहा गाण्यांचा तो गठ्ठा म्हणजे अल्बम. त्यातलं एखादं गाणं सुटं काढून आधी लोकांपुढं ठेवायचं, ते सिंगल. जत्रेत मिठाईवाला एक तुकडा हातावर ठेवतो ना, चव बघा म्हणून, तसंच. आता कॅसेटही गेली. गाणं मोबाईलवर एकेकटंच ऐकलं जातं, त्यामुळं सिंगलला पुन्हा दिवस आले आहेत. फिरून फिरून गाडी जुन्या तव्यापाशीच आली म्हणायची.

१९९३ मध्ये या मंडळींनी एक गोष्ट केली जी आम्हाला त्यांच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा धाडसाची वाटते. नाव बदललं. रॉक मशीन हे नाव नऊ वर्षं गाजलेलं, पोस्टरवर छापलेलं, पोरांच्या तोंडात बसलेलं. ते टाकून इंडस क्रीड घेतलं. इंडस म्हणजे सिंधू, आणि क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा पंथ. त्यांच्या गाण्यात आता इथल्या सुरांचा रंग यायला लागला होता, आणि जुनं नाव त्या गाण्याला शोभत नव्हतं. गाजलेलं नाव सोडणं किती जड जातं हे बचत गट चालवणाऱ्या बाईला सांगायला नको. गटाचं नाव बदलायचं म्हटलं की बँकेच्या खात्यापासून शिक्क्यापर्यंत सगळं बदलावं लागतं, आणि लोक तरी जुन्याच नावानं हाक मारतात.

त्याच सुमारास डिश आणि केबलचा टीव्ही आला होता. १९९१ पासून एमटीव्ही नावाची वाहिनी आपल्या देशात दिसायला लागली, तिच्यावर दिवसभर गाणीच. तोवर गाणं ऐकायचं असायचं, आता ते बघायचंही झालं. ज्याच्याकडे व्हिडिओ नाही त्याचं गाणं त्या वाहिनीच्या हिशेबी नव्हतंच. इंडस क्रीडनं व्हिडिओ केले, आणि त्यांच्या ‘ट्रॅप्ड’ या गाण्याच्या व्हिडिओला १९९५ मध्ये एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या पोरांना बाहेरच्या जगात मिळालेलं ते मोठं नाव. त्याच वर्षी ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला.

आणि १९९७ मध्ये बँड थांबला. पुरस्कार मिळून दोनच वर्षं झाली होती. एवढं नाव झाल्यावर कसा काय थांबला, असं वाटेल. पण नाव आणि पोट या दोन गोष्टी नेहमी सोबत चालत नाहीत. तेव्हा देशात हिंदी पॉप गाण्यांची लाट होती. कंपन्यांचा पैसा आणि टीव्हीचा वेळ तिकडं वळला. इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडला ऐकणारे होते, पण मोजक्या शहरांत आणि मोजकेच.

आपल्याकडे मंडळ मोडतं तेव्हा असंच काहीतरी घडलेलं असतं. गळा चांगला असलेली बाई लेकाकडं पुण्याला जाते. दसरा-दिवाळी झाली की तिघी-चौघी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात. एखादीच्या घरी दुखणं येतं. पेटीवाल्या दादांना दिसेनासं होतं. मग एक एकादशी चुकते, दुसरी चुकते, आणि करोनाच्या दोन वर्षांत तर जी बसली ती बसलीच. आपण म्हणतो मंडळ मोडलं. खरं म्हणजे ते कोणी मोडलेलं नसतं, त्याला कोणी धरून ठेवलेलं नसतं.

बँड थांबल्यावर ही माणसं गायची थांबली नाहीत, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. उदय बेनेगल आणि जयेश गांधी अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. तिथं त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा वेगळा संच केला. पुढं बेनेगल मुंबईला परतले, आणि ते व तिनाईकर असे दोघे जण साधी लाकडी गिटार घेऊन वाजवायला बसू लागले. ड्रम नाही, मोठे स्पीकर नाहीत, दोनच माणसं. पुढं २०१० मध्ये जे घडलं त्याचं बी इथं होतं. वीस बायांचं मंडळ एकाच दिवशी उभं करायला जाऊ नका. दोघींनी ओसरीवर बसून एक अभंग म्हणायला काय लागतं?

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. तेरा वर्षं मध्ये गेली होती. जुन्यांपैकी बेनेगल, तिनाईकर आणि बालापोरिया हे तिघे होते. बास आणि ड्रमसाठी त्यांनी नवे दोघे घेतले, रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी, दोघेही पुढच्या पिढीचे. इथं जरा थांबू या. जुन्या मंडळात नवीन सून आली की तिला कुठं बसवतो आपण? मागं. टाळ हातात देतो आणि म्हणतो, बघून शीक. वर्षानुवर्षं ती मागंच बसते, आणि एक दिवस यायची बंद होते. बास आणि ड्रम ही बँडमधली मागं बसवायची जागा नाही. सगळं गाणं त्या दोन वाद्यांवर उभं असतं, ती चुकली तर गाणाऱ्याचा सूर कितीही सच्चा असो, गाणं ढासळतं. जुन्या तिघांनी घराचं जोतंच नव्या पोरांच्या हवाली केलं. आपण पखवाज एखाद्या विशीतल्या मुलीच्या हाती देतो का? काही गावांत दिलाय, आणि ती मंडळं चालू आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

परत आल्यावर काय गायचं, हा त्यांच्यापुढचा दुसरा प्रश्न असणार. सोपा रस्ता होता. जुनी गाजलेली गाणी घ्यायची आणि कार्यक्रम करत सुटायचं. लोक तेच ऐकायला येतात, पैसेही मिळतात. त्यात वाईट काही नाही, आम्हालाही जुनं गाणं पुन्हा ऐकायला आवडतं. पण नुसतं जुनं गाणाऱ्याला लोक आठवणीत ठेवतात आणि आठवणीतच ठेवतात. इंडस क्रीडनं वेळ घेतला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ नावाचा नवा अल्बम आणला. त्या शब्दाचा अर्थ उत्क्रांत होणं, हळूहळू बदलत पुढं जाणं. आठच गाणी, पण सगळी नवी. गाण्यांचं मिक्सिंग टिम पामर या नामवंत इंग्रज माणसानं केलं.

मिक्सिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या रेडिओच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकीला हा प्रश्न पडतो. स्टुडिओत बहुतेक वेळा सगळे एकदम गात-वाजवत नाहीत. ड्रम वेगळा रेकॉर्ड होतो, गिटार वेगळी, गळा वेगळा. मग एकजण बसून ते सगळे आवाज एकत्र आणतो आणि कोणाचा किती ठेवायचा ते ठरवतो. देवळात भजनाला पखवाज जोरात झाला की म्हणणाऱ्या बाईचे शब्द कळत नाहीत, मग आपण हातानं खूण करतो, जरा हळू. ती खूण करणारा माणूस म्हणजे मिक्सिंगवाला. काम दिसत नाही, पण ते नीट झालं नाही तर चांगलं गाणंही कानाला टोचतं.

या अल्बममधलं पहिलं गाणं ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे. व्हिडिओसाठी त्यांनी हे गाणं घेतलं. परत येणाऱ्या बँडला व्हिडिओची गरज नव्या बँडपेक्षा जास्त असते, असं आमचं मत झालंय. १९९५ मध्ये कॉलेजात असलेली पोरं २०१२ मध्ये लेकुरवाळी झाली होती. ती जुन्या ओढीनं ऐकतील. पण त्यांची लेकरं? त्यांनी या माणसांना कधी पाहिलेलंच नाही. त्यांना नुसता आवाज ऐकवून भागत नाही, ही माणसं आज कशी दिसतात, कशी वाजवतात, हे दाखवावं लागतं. आणि दाखवण्याची जागाही बदललेली होती. १९९५ ला व्हिडिओ दाखवायचा तर वाहिनीवाल्याच्या मर्जीवर होतं. २०१२ पर्यंत यूट्यूब हाताशी आलं होतं, तिथं कोणाला विचारावं लागत नाही.

व्हिडिओ कसा बनतो याचं एक गुपित आहे. बघताना वाटतं की माणूस तिथं उभा राहून गातोय. तसं नसतं. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्यानं लावतात आणि गाणारा त्यावर ओठ हलवतो. सिनेमात नटी दुसरीच्या आवाजावर ओठ हलवते, इथं स्वतःच्या आवाजावर. एकच ओळ दहा वेळा, कधी लांबून, कधी जवळून, कधी नुसत्या बोटांचं चित्र. मग ते तुकडे गाण्याच्या ठेक्यावर जोडतात. म्हणून तर गाणाऱ्याला दम लागलेला दिसत नाही!

खर्चाचं काय? मोठा व्हिडिओ महागच पडतो. दिवे, कॅमेरा, जागा, माणसांचं जेवणखाण. पण चांगला व्हिडिओ म्हणजे महागडाच, असं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. हातात एकतारी, तोंडी भीमगीत, मोबाईलवर काढलेलं चित्र. ना सजावट ना नाच. ते व्हिडिओ गावोगावच्या मोबाईलवर पोचले, आणि त्या महाराष्ट्रभर ओळखल्या गेल्या. आणि मोठाच खर्च करायचा असेल तरी वाट असते. १९७६ चा ‘मंथन’ हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन-दोन रुपये घालून काढला होता. भिशी चालवणाऱ्या बायांना हे गणित शिकवावं लागत नाही.

मात्र यूट्यूबवर गाणं टाकलं की पैसे सुरू होतात, असं जे पोरं सांगतात ते खरं नाही. जाहिरातीच्या पैशातला वाटा मिळायचा तर आधी चॅनेलला १००० सदस्य लागतात आणि वर्षभरात ४००० तास तुमचे व्हिडिओ बघितले गेले पाहिजेत, नाहीतर ९० दिवसांत छोट्या व्हिडिओंना एक कोटी वेळा बघितलेलं असावं लागतं. त्यानंतरही हातात पडणारी रक्कम फार मोठी नसते. बँडवाल्यांची खरी कमाई बहुतेक वेळा प्रत्यक्ष कार्यक्रमातून होते. गाणं आणि व्हिडिओ ही त्याची आवतणं समजा.

आता जो भाग आम्हाला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे तो. गाणं कोणाचं? इंडस क्रीडची गाणी त्यांनी स्वतः लिहिली, म्हणून पंचवीस-तीस वर्षांनीही ती कोणाची हे सांगता येतं. आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क तो माणूस असेपर्यंत आणि त्याच्यामागं ६० वर्षं राहतो. २०१२ मध्ये, म्हणजे ‘इव्हॉल्व्ह’ आला त्याच वर्षी, या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्याआधी कंपन्या एकदाच थोडे पैसे देऊन कवी आणि संगीतकाराकडून सगळं लिहून घेत. आता गाणं पुन्हा पुन्हा वापरलं गेलं तर त्या पैशातला त्यांचा वाटा ठरलेला आहे, आणि तो असा सरसकट लिहून घेता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आमची ओवी तर कोणी लिहिलेलीच नाही, ती आईची, आजीची, तिच्या आजीची. बरोबर आहे. ओवीच्या शब्दांवर एकट्या कोणाचा हक्क सांगता येत नाही. पण ती तुम्ही ज्या गळ्यानं म्हणता, तो गळा तुमचा आहे. कायद्यात याला सादर करणाऱ्याचा हक्क म्हणतात आणि तो ५० वर्षं चालतो. तुमच्या परवानगीशिवाय तुमचं गाणं रेकॉर्ड करता येत नाही. आणि तुम्हीच गायलं आहे हे नाव घेऊन सांगितलं जावं, असा हक्कही २०१२ च्या दुरुस्तीनं दिला आहे.

हे का सांगतोय ते तुम्हाला कळलं असेल. लग्नात, हळदीला, जागरणाला कोणीतरी मोबाईल धरून उभं असतं. हौसेनं काढतं, घरात बघायला म्हणून. दोन महिन्यांनी तीच ओवी मागं ढोलकी, वर वेगळंच नाव, अशी मोबाईलवर फिरत येते. म्हणणारीचा चेहरा दिसतो, गावाचं नाव नाही, बाईचं नाव नाही. आमच्यातल्या एकीच्या चुलतसासूचं असंच झालं. त्या माऊलीला राग पैशाचा नव्हता. म्हणाल्या, निदान नाव तरी टाकायचं होतं.

नाव टाकून काम कसं होतं याचा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. पुढं २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, ज्याला सगळे ‘परी’ म्हणतात, त्यांनी त्या ओव्या इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली, काही ठिकाणी पुन्हा गावात जाऊन व्हिडिओही केले. ओवीखाली म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं, तालुका असतो. गिरणी आली तेव्हा जातं भिंतीला टेकलं आणि ओवी गप्प झाली. वीस वर्षांनी ती व्हिडिओतून परत आली, तीही नावानिशी. आमच्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोठा कमबॅक हाच. आणि ज्या गंगाखेडला संत जनाबाईंचा जन्म झाला, त्या जिल्ह्यात हे व्हावं यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

तेव्हा कोणी मोबाईल किंवा कॅमेरा घेऊन आलं तर हाकलून देऊ नका, पण आधी विचारा. कुठं लावणार? नाव टाकणार का, कोणाकोणाचं? पैसे मिळाले तर वाटणी कशी? काढून टाका म्हटलं तर काढाल का? उत्तरं कागदावर घ्या, मराठीत, चार ओळी पुरतात. त्यावर त्यांची सही, तुमची सही किंवा अंगठा, तारीख, आणि एक प्रत मंडळाच्या वहीत. मंडळातही आधीच ठरवून ठेवा की पैसा आला तर तो सगळ्यांचा की म्हणणारीचा. बँड असो की बचत गट, न बोललेल्या हिशेबानं जेवढी मनं दुखतात तेवढी सूर चुकल्यानं दुखत नाहीत.

ज्यांना मंडळ पुन्हा सुरू करायचंय त्यांनी पहिलं गाणं आमच्याकडे घेऊन यावं. सामुदायिक रेडिओच्या नियमातच आहे की निम्मा तरी कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागानं झाला पाहिजे, त्यामुळं जागा तुमचीच आहे. दोघी आलात तरी चालेल. जुनं म्हणा, पण त्यासोबत एखादं नवं बांधलेलंही आणा, पाणी, पोरींची शाळा, सोयाबीनचा भाव, ज्याच्यावर सुचेल त्याच्यावर. नवं कोणी बांधलं तिचं नाव कागदावर लिहून आणा.

यायला जमत नसेल तर घरीच रेकॉर्ड करा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतींना दोन-तीन गोधड्या टांगा. पंखा बंद ठेवा. मोबाईल विमानाच्या चिन्हावर टाका म्हणजे मध्येच फोन येणार नाही. म्हणणारीच्या तोंडापासून तो हातभर लांब ठेवा, आणि पखवाज वाजवणारीला जरा मागं बसवा, फक्त रेकॉर्डिंगपुरतं. व्हिडिओ काढणार असाल तर दाराकडं पाठ करून बसू नका, चेहरा काळा येतो, दाराकडं तोंड करा. मोबाईल आडवा धरा. आणि गाणं सुरू करायच्या आधी प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगा, मोठ्यानं.